कोठीचं झाकण

कुठलं पुस्तक कुठल्या पोराच्या हाती द्यायचं, हे नमिताला विचारल्याशिवाय गावात ठरत नसे. रोहा आणि नागोठण्याच्या मधलं हे गाव, आणि तिथल्या वाचनालयाची चावी बारा वर्षं तिच्याच कमरेला. तिची पद्धतही ठरलेली. पुस्तकाची पहिली वीस पानं वाचायची, शेवटची दोन, मधलं एखादं. मग पोराला एक उतारा मोठ्यानं वाचायला लावायचा. जोडाक्षराला अडलं नाही की पुस्तक दिलं. शितावरून भाताची परीक्षा! आजवर भात कधी कच्चा निघाला नव्हता, म्हणून बाईंना जराशी मिजासही चढली होती.

त्याच मिजाशीत तिनं आपल्या भाचीला, दहा वर्षांच्या दिशाला, लढाईवरची ती जाडजूड कादंबरी दिली. सगुणावहिनीला ते रुचलं नव्हतं.

"लढाईचं हाय ना गो त्यात? झेपल का तिला?"

"वहिनी, ती एका शब्दाला अडत नाय. आणि शेवट गोड हाय. मुलगी घरी परत येते."

वहिनीनं पुस्तक दिशाकडं सरकवलं. शिकलेल्या नणंदेपुढं बोलणार तरी काय?

त्यानंतर आठवड्याभरानं एके दिवशी वहिनी हमरापूरच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती रंगवायला गेली होती आणि भाऊ प्रवीण कंपनीत शिफ्टला. दिशा आणि पाच वर्षांचा नितेश दोघं नमिताच्या भरवशावर घरी. चार वाजता भोंगा वाजला. कंपनीचा नेहमीचा सरळ भोंगा नव्हता हा. वरखाली, वरखाली, रडल्यासारखा. युद्ध झालंच तर काय करायचं, त्याचा सराव होता. दोन दिवस मोबाईलवर तसा निरोप फिरत होता. नमितानं वाचनालयाच्या दारावर सूचनाही चिकटवली होती. घरी पोरांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

ती वाचनालय बंद करून आली तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

"दिशा! नितू!"

ओ नाही. पडवी बघितली, मागचं न्हाणीघर बघितलं. शेजारच्या मैनाकाकू पापड वाळत घालून अंगणातच बसल्या होत्या.

"बाहेर नाय गो कोण आलं. मी हितंच हाय ना मघापासून."

"मागच्या दारानं गेली असतील?"

"माज्या पाठीला डोळं हायत काय?" काकू म्हणाल्या, पण उठल्याच.

मागच्या दारी विहीर. नमिता तिकडं धावली. तिनं कठड्यावर ओणवून खाली बघितलं. मे महिन्याचं तळाशी गेलेलं पाणी, त्यात तिचंच तोंड. पाण्यावर काही नव्हतं, पण पाण्याखालचं कोण सांगणार? काकू ओढ्याकडं पळाल्या. नमिता परत घरात आली. वहिनीला काय सांगू, वहिनीला काय सांगू, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

माजघरात ती कादंबरी पालथी पडली होती, कोपरा दुमडलेली. नमितानं उचलली. हे पान तिनं कधी बघितलंच नव्हतं. गावावर विमानं आली आहेत, भोंगा वाजतो आहे, आणि गोष्टीतली मुलगी धाकट्या भावाला धान्याच्या पेटीत लपवते आहे. 'कुणीही हाक मारली, अगदी आईच्या आवाजात मारली, तरी ओ द्यायची नाही. शत्रूचे शिपाई तसे आवाज काढून फसवतात.'

तिनं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी मुलगी पेटी उघडते. भाऊ थंड पडलेला असतो. आत हवाच नसते.

पुस्तक हातातून गळलं. माजघराच्या कोपऱ्यात तांदळाची पत्र्याची कोठी होती, छातीइतकी उंच, आणि कोठीला लागून स्टूल ठेवलेलं होतं. नमितानं धावत जाऊन झाकण उचकटलं. काहीतरी खडकन खाली पडलं, तिकडं बघायला वेळ कुणाला होता! आत तांदळात नितेश मुटकुळं करून पडला होता. घामानं थबथबलेला, डोळे मिटलेले. तिनं त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं, हलवलं, गालावर चापट मारली. मान एका बाजूला कलली.

"नितू! अरे बोल ना रं! नितू!"

ती किंचाळली तेव्हा माळ्यावरची लाकडं खडखडली. त्यांच्यामागून दिशाचा चेहरा वर आला, पांढराफटक. ती आत्याकडं टक लावून बघत राहिली. ही खरंच आपली आत्या आहे की नाही, हे ती ताडून बघत होती. मग हळूच म्हणाली, "नितू, आत्याच हाय ती."

नितेशनं एक डोळा उघडला.

"ताई, आता ओ दिऊ?"

नमिता त्याला कुशीत घेऊन तिथंच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. तिच्या आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती, आणि पोर जिवंत दिसल्यावरही ती भीती काही उतरेना.

दिशा माळ्यावरून उतरली. जमिनीवर पडलेलं लाटणं तिनं उचललं आणि आपल्या फ्रॉकला पुसलं.

"ह्ये झाकणात अडकवलं व्हतं मी. फट ऱ्हावी म्हणून."

"तुला... कसं सुचलं?"

"पुढं त्यो भाऊ मरतो ना. पेटीत हवा नसते." तिचा आवाज चिरकला. "मी चार दिसांपूर्वीच वाचलं. रोज रातीला नितूच्या नाकापुढं हात धरून बघते, श्वास चालू हाय का म्हणून."

नमितानं नितेशला आणखी घट्ट धरलं. चार दिवस पोरगी तिच्या शेजारी बसून जेवत होती, तिच्याकडून वेणी घालून घेत होती.

"आत्या, तू ह्ये वाचलं नव्हतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या नजरेपुढं जमेना.

"नाय गो."

दिशानं लाटणं कोठीवर ठेवलं.

"मग मला एकटीलाच कशाला वाचाया दिलंस?" ती म्हणाली.