आठ हातांवर मेख

छगन कोतवालाने दगडाने मेख ठोकली, हलवून पाहिली आणि पुढच्या मेखेसाठी जमिनीवर हात मोजत निघाला. एका मेखेपासून दुसरी आठ हातांवर, हा तापीकाठच्या पडावाचा नियम. तो कोणी केला हे कुणाला ठाऊक नव्हतं. मोडल्यावर शिव्या मात्र छगनला बसत.

जागा सरकारी होती, म्हणजे भांडायला सगळ्यांना मोकळी. घोड्यांच्या बाजाराला निघालेली माणसं नदी उतरण्याआधी इथे थांबत. पडावावर ज्या जनावराचं रक्त सांडेल ते त्या साली बाजारात उभं करायचं नाही, अशी चाल होती. जखम भरते, अपशकुन भरत नाही. त्यामुळे जो तो आपला घोडा जपे आणि दुसऱ्याचा बाप काढी. अशाच एका भांडणात मध्ये पडल्यामुळे छगनच्या डाव्या गुडघ्याचा कायमचा निकाल लागला होता.

"छगनभाऊ, हाऊ घोडा आठे नको!" कोरीटचा हिलाल पाटील ओरडला. "मन्ही घोडीले चावी तो."

"अरे भाई, घोडा नही, देवमानूस शे," नंदुरबारचा कापडवाला चुनीलाल शेठ म्हणाला.

"देवमानूसले पिछाडी कसाले बांधी मंग?"

मागचे पाय दोरीने जखडलेला देवमाणूस कान पाडून घोडीकडे पाहत होता.

तोरणमाळहून चारोळी घेऊन उतरलेला उदेसिंग चुलीपाशी भाकरी थापत होता. तो मान वर न करता म्हणाला, "माणसंसले बांधा. घोडा सोडी द्या."

छगनने अंतर पुन्हा मोजलं. आठ भरलं. हिलालचं समाधान झालं नाही, तेव्हा तिसऱ्यांदा मोजलं.

घोडी हिलालनेच शिंगरू असल्यापासून वाढवली होती, पण घर थोरल्या भावाचं होतं. थोरल्याने नंदुरबारात सायकल पाहिली आणि घोडी विकायचं ठरवलं. सायकलीला कडबा लागत नाही, असं तो म्हणाला. थोरल्यापुढे उलट बोलायची घरात रीत नव्हती.

"घोडी विकाले शे का?" उदेसिंगने विचारलं.

"शे ना. पन पानीले बिचकस. एकांगी वढस. खोकस बी."

"इतल्या खोडी?"

"अजून शेत."

इतकं खरं बोलणारा विकणारा छगनने आजवर पाहिला नव्हता. पण गुडघा ठणकत होता, त्यामुळे त्याने त्यावर फार विचार केला नाही.

दिवस कलला. माणसं भांडी घेऊन नदीवर गेली. छगन बाभळीखाली आडवा झाला. जरा वेळाने मेख उपसल्याचा आवाज आला, म्हणून त्याने एक डोळा उघडला.

हिलाल होता. घोडीची मेख त्याने दोन हात अलीकडे, चुनीलालच्या घोड्याकडे आणली आणि दगड न वापरता टाचेने दाबली. मग घोडीचं तोंड छातीशी धरलं, तिचे पाय लांब राहतील अशी तिला वळवली आणि खांदा तेवढा पुढे केला. तिच्या कानात तो काहीतरी बोलत होता. छगनने डोळा मिटून घेतला.

घोडी किंचाळली. नदीवरची माणसं धावत आली.

"चावना ना शेवटे!" हिलालचा आवाज दुपारपेक्षा मोठा होता. "मी दुपारपासून सांगी ऱ्हायनू! कोनी ऐकं का?"

घोडीच्या खांद्यावर रक्ताची बारीक रेघ उतरली होती. हिलाल तिच्यावर हळद दाबत होता. निम्मी हळद खाली सांडत होती.

चुनीलालने आपल्या घोड्याचे दोर तपासले. सगळे जागच्या जागी होते.

"छगनभाऊ," तो म्हणाला, "तुम्हीच मोजेल व्हतं ना? परत मोजा."

हिलालने घोडीच्या खांद्यावर आणखी हळद दाबली.

छगन गुडघ्यावर हात देत उठला. घोड्याच्या मेखेपाशी वाकला आणि कोपरापासून बोटांपर्यंत एकेक हात टाकत निघाला. पहिले तीन हात नेहमीसारखे पडले. चौथ्यापासून बोटं आखडू लागली. शेवटचे तर मुठीपर्यंतच भरले. उदेसिंगने ते पाहिलं आणि चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"आठ," छगन म्हणाला.

"मंग चावना कसा?"

छगनने कंबर सरळ केली. त्याला वेळ लागला.

"शेठ, तुम्हना घोडानी मान लांब शे."

चुनीलालने आपल्या घोड्याची मान खालपासून वरपर्यंत निरखली. मग तो आपली मेख उपसून लांब न्यायला वाकला.

नदीपलीकडे बाजाराचे कंदील लागू लागले होते; रक्त सांडलेल्या घोडीला या साली तिथे जागा नव्हती. हिलालने घोडी सोडली आणि तिचं तोंड कोरीटच्या वाटेला वळवलं. तिच्याबरोबर तोही लंगडल्यासारखा सावकाश चालू लागला, आणि पडावाबाहेर पडेपर्यंत त्याने कोणाकडेच पाहिलं नाही.