दुसरी लवंग

रहाटणीच्या त्या गल्लीत कुणाची दाढ दुखली, की माणूस आधी कस्तुराच्या दारात यायचा आणि मग डॉक्टरकडे जायचा. सुका खोकला असला तर ती तव्यावर लवंग भाजून मधातून चाटवायची. गाडी लागणाऱ्या बायकांना गावी निघताना चघळायला दोन लवंगा द्यायची. दाढेसाठी तर तिचा हातखंडाच. लवंग जराशी ठेचायची, दुखऱ्या दाढेखाली धरायला लावायची, दहा मिनिटांत हिरडी बधिर. कस्तुराबाईंची लवंग लागू पडते, असं बायका म्हणत, आणि ते ऐकायला तिला आवडायचं.

त्या मंगळवारी दुखणं तिच्याच घरात निघालं. तिचा नवरा ज्ञानदेव महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांवर होता. दुसरी शिफ्ट होती, कंपनीची बस दीडला नाक्यावर यायची. बाराच्या सुमाराला तो पाण्याचा जार खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला, खुर्चीत बसला आणि डावा गाल धरून म्हणाला, दाढ ठणकतेय.

कस्तुरानं लवंग ठेचून दिली आणि डबा भरायला घेतला. पोळ्या झाल्या तरी तो गाल धरूनच बसलेला. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, हिरडी, जीभ सगळं मेलंय, पण ठणका तसाच आहे.

असं आजवर कधी झालं नव्हतं. तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं, लवंग जुनी असेल, तेल उडालं असेल. तिनं नवं पाकीट फोडलं आणि दुसरी लवंग दिली. पंखा जोरात फिरत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. उन्हाळाच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं.

पाव तास गेला. मग मात्र तिनं त्याला तोंड उघडायला लावलं, मोबाइलची बॅटरी आत धरली आणि चमच्याच्या दांड्यानं एकेक दाढ ठोकून पाहिली. तो प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणाला. सूज नाही, कीड नाही.

"मग दुखतं कुठं?"

त्यानं अख्खा पंजा जबड्यावर ठेवला आणि मानेवरून खांद्यापर्यंत ओढत नेला. दुखरी दाढ माणूस बोटानं दाखवतो, पंजानं नाही. हे काय आहे ते तिला माहीत नव्हतं. एवढंच कळलं, की हे दाढेचं नाही.

तिनं आम्रपालीला फोन लावला. लेक माणच्या आयटी कंपनीत होती आणि तिथं तिचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालेलं. घाम आलाय का, एवढंच तिनं विचारलं. मग आवाज अगदी सपाट करून म्हणाली, "आई, पप्पांना एक पायरीसुद्धा चालवू नकोस. हृदयाचं असू शकतं. आत्ता निघ."

कस्तुरा वळली तर ज्ञानदेव बूट चढवत होता. आज प्रेसवर नवी डाय, म्हणजे साचा, लागणार होती, सुपरवायझरला तो शब्द देऊन बसला होता. ती दारात आडवी उभी राहिली.

"दाढेसाठी सुट्टी मागू?" तो चिडला.

"दाढ नाहीये ती."

"तूच तर लवंग दिलीस."

"चुकले मी."

चोवीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यानं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. तो तिच्याकडे बघत राहिला आणि बुटाची नाडी तशीच सोडून मागं टेकला.

खालच्या मजल्यावरचा दिग्विजय कॅब चालवायचा आणि जेवायला घरी आलेला होता. तो आणि शेजारचा भाडेकरू, दोघांनी ज्ञानदेवला प्लास्टिकच्या खुर्चीसकट खाली उतरवलं. काळेवाडी फाट्याला गाडी अडकली. पुढं ट्रेलर, मागं बस. कस्तुराच्या हातातला त्याचा हात गार आणि ओला होत चालला होता. ती बोलत राहिली, त्याची उत्तरं कमी होत गेली. शेवटी दिग्विजयनं हॉर्नवरचा हात न काढता गाडी उलट्या बाजूनं घातली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी छातीचा ईसीजी काढला, चघळायला गोळ्या दिल्या आणि विचारलं, कधीपासून दुखतंय? आत्ताच सुरू झालं, असं सांगता आलं असतं. कस्तुराच्या ओठांवर ते आलंही.

"बारा वाजता सुरू झालं," ती म्हणाली. "अर्ध्या तासावर वेळ मी लवंगा देण्यात घालवला."

डॉक्टरीणबाईंनी वेळ लिहून घेतली. खरं सांगितलंत ते बरं केलंत, पुढचं सगळं वेळेवर ठरतं, एवढंच बोलून त्या स्ट्रेचरमागं धावल्या.

मोठी रक्तवाहिनी बंद होती, ती उघडली. ज्ञानदेव वाचला, पण हृदय जरा अधू झालं. दोन महिन्यांनी कंपनीनं त्याला प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. ते त्याला फार लागलं.

गल्लीत बोलबाला झाला, की कस्तुराबाईंनी लवंगेवरून हार्ट अटॅक ओळखला. कस्तुरा दर वेळी असं बोलणाऱ्या बाईला मधेच थांबवायची आणि दोन लवंगा दिल्याचं सांगायची.

एका रविवारी दुपारी ज्ञानदेवनं आपणहून विषय काढला.

"दुसरी का दिलीस गं?"

"पहिली खोटी पडलेली मला सोसली नाही."

मग पाय जवळ घेऊन त्यानं पलंगावर तिला बसायला जागा करून दिली.