बकुळाचं ताट

दुसऱ्याच्या घरात डोकावायची आपल्याला सवय नाही, असं बकुळा स्वतः सांगायची. हर्णेत तिचं हे म्हणणं कुणी मनावर घेत नसे. कुणाच्या होडीचं इंजिन बंद पडलं, कुणाच्या सुनेनं नवा मिक्सर आणला, कुणाचा जावई रुसून गेला, हे बकुळाला त्या घरच्यांच्या जरा आधीच कळलेलं असायचं. मात्र वाईट कुणाचं बोलायची नाही. तिला फक्त कळायला हवं असायचं. एखादी गोष्ट कळली नाही की तिला अन्न गोड लागत नसे.

आणि आता तुळशीची लग्नं लागून गेली तरी तिचं दिवाळीचं ताट शेजारच्या मरियमकडून परत आलं नव्हतं.

ताट साधं स्टीलचं. भावानं लग्नात दिलेलं, काठावर ‘बकुळा’ असं कोरलेलं. बकुळा आणि मरियम यांच्या घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता आणि त्या गडग्यावरून वीसेक वर्षं भांडी जा-ये करत होती. दिवाळीचा फराळ इकडून, ईदेचा शीरखुर्मा तिकडून. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही दोन्ही घरची रीत. खजूर घाल, चार लिंबं घाल, काहीच नसेल तर मूठभर साखर घाल, पण भांड्याचा तळ दिसता कामा नये. मरियमचा नवरा हमीद कुवेतला असताना ते ताट पिस्त्यांनी भरून यायचं आणि बकुळा पिस्ते मोजूनमापून शिमग्यापर्यंत पुरवायची.

“एक ताट ता, दुसऱ्यात जेव,” खंडू म्हणाला. होडीवरून आलेल्या नवऱ्याला ताटाचं काय पडलेलं असणार.

“ताटाचं नाय वो. का नाय आलं, ता कळाया होवं.”

बोलता बोलता तिनं फळीवरच्या निळ्या काठाच्या वाडग्यात हात घातला, दोन आमसुलं काढली आणि एक परत टाकलं. त्या वर्षी मासळी कमी होती. खंडूची होडी डिझेलचा खर्चही भरून निघेल की नाही अशा बेतानं समुद्रात जायची. बकुळा कोळंबीची सालं वाटून कालवणाला दाटपणा आणायची, भाताची पेज सकाळला राखायची आणि सिलिंडर फक्त चहापुरता पेटवायची. काटकसरीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणूनच तर गडग्यापलीकडच्या खुणा तिला वाचता आल्या. दुसऱ्या कुणाला त्या दिसल्याही नसत्या.

पहिली खूण झावळ्यांची. मरियमच्या परड्यात माडाची झावळी पडली की ती गडग्यावरून ढकलून द्यायची. “ने गो चुलीला, आमच्याकडं गॅस हाय.” आता झावळ्या पडत होत्या, पण गडग्यावर येत नव्हत्या. एका दुपारी मरियम स्वतःच कोयत्यानं झावळीचे तुकडे करताना दिसली. हात सवयीचा नव्हता, कोयता भलतीकडेच पडत होता.

दुसरी खूण हमीदची. तो गणपतीच्या आधी कुवेतहून सुट्टीवर आला होता आणि सुट्टी काही संपत नव्हती. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बंदराकडे जायचा, तासाभरानं तसाच परत यायचा. कुणी विचारलं तर “कंपनीचं काम थांबलंय, बोलावतील” म्हणायचा. बोलावणारे बोलावत नव्हते.

तिसरी खूण सगळ्यात चमत्कारिक. मरियमच्या घरातून रोज दुपारी लसणीच्या फोडणीचा खमंग वास यायचा. अगदी पूर्वीसारखा. पण बकुळाची मांजर हौशी त्या वासाकडे ढुंकूनही बघत नव्हती. हौशी म्हणजे बाराही महिने मरियमच्या मागच्या पायरीवर बसणारी मांजर. बांगडा तळला जातोय की सुरमई, हे तिच्या शेपटीवरून सांगता यायचं. ती आता दिवसभर बकुळाच्याच अंगणात, उन्हाला पोट देऊन झोपायची.

“अवो, मांजर तिकडं जाईत नाय,” बकुळानं खंडूला सांगितलं.

“म्हातारी झालीय ती.”

“म्हातारी झाली तरी नाक हाय ना तिला.”

खंडूनं कूस बदलली. बकुळाला मात्र दिसलं ते दिसलंच. तिथं फोडणी होत होती, पण फोडणीत पडायला मासळी नव्हती. बहुतेक नुसत्या पेजेवर लसणीची फोडणी ओतली जात होती. खायला काय आहे हे शेजारी कळू नये म्हणून मरियम वास तेवढा पूर्वीचा ठेवत होती.

हे बकुळाला कळलं, पण कळल्याचं समाधान नेहमी वाटतं तसं वाटेना. तिनं काय करावं? तिच्या जागी कुणीही केलं असतं तेच केलं. संध्याकाळच्या लिलावात उरलीसुरली कोळंबी स्वस्तात उचलली, नारळ सढळ हातानं घातला, आणि टोपभर कालवण गडग्यावरून दिलं. टोपावरही नाव कोरलेलं होतं. मरियमनं टोप घेतला, हसली आणि म्हणाली, “कशाला गो येवढं.” हौशी शेपटी ताठ करून टोपामागोमाग गेली.

बकुळा दोन दिवस खुशीत होती. मग तिच्या ध्यानात आलं की आता टोपही येत नाहीये. एवढंच नव्हे, मरियम गडग्याकडे फिरकेनाशी झाली. कपडे पलीकडच्या अंगाला वाळत घालू लागली. बकुळा दिसली की काहीतरी विसरल्यासारखी आत जायची. घरात अन्न पाठवलं तर माणूस तोंड चुकवतं, हे काय नवीन? बकुळा चक्रावून गेली. कोयता मागायच्या निमित्तानं हाक मारून पाहिली, तर मरियमनं कोयता गडग्यावर ठेवला आणि ती निघून गेली.

एका दुपारी बकुळा परसात भांडी घासत होती. गडग्याच्या एका चिऱ्याला खालच्या बाजूला फट होती आणि बकुळाचा डोळा त्या फटीला लागला. लागला म्हणजे तिनं लावला. मरियम तिच्या परड्यात उभी होती. हातात बकुळाचं ताट होतं, घासून लख्ख केलेलं. तिनं शेवग्याकडे पाहिलं. शेवग्याला शेंगा नव्हत्या. लिंबाच्या झाडाशी गेली, पानं बाजूला करून पाहिलं. मग रिकाम्या ताटाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि ताट पदराखाली घेऊन आत गेली.

राखेचे हात तसेच धरून बकुळा बसून राहिली. तिला आता सगळं कळलं होतं, आणि स्वतःची इतकी लाज तिला आधी कधी वाटली नव्हती. एक ताट फेडता येत नव्हतं, त्यावर तिनं टोप नेऊन ठेवला होता. मदत म्हणून पाठवलेलं कालवण मरियमच्या फळीवर तगाद्यासारखं बसलं होतं. आता भांडी मागावीत तर मरियम मेल्याहून मेली, आणि न मागावीत तर गडग्यावरचं बोलणं कायमचं बंद. मासळी पाठवायची सोय नाही, कारण प्रत्येक भांडं परतफेड मागणार. मरियमच्या घरी मासळी जायला हवी, पण बकुळाच्या भांड्यातून जाता कामा नये. असा पेच तिनं आजवर कधी सोडवला नव्हता, म्हणून त्यात थोडी मजाही वाटू लागली.

उत्तर सापडलं ते मरियमच्या डोक्यावरच होतं. गच्ची. वाडीतली पहिली स्लॅबची गच्ची हमीदनं कुवेतच्या पैशातून घातली होती. तेव्हा बकुळानं हौसेनं विचारलं होतं, “माजे बोंबील वाळवू काय वर?” आणि हमीद म्हणाला होता, “नको वयनी, पाण्याच्या टाकीला वास लागेल.” स्वतः सुकटीवर वाढलेला माणूस. बकुळाला ते इतकं लागलं होतं की त्या गच्चीचं नाव तिनं पुन्हा काढलं नव्हतं. आता काढायला हवं होतं.

ती समोरच्या दारानं गेली. हमीद दरवाज्याशीच बसला होता.

“हमीदभाय, माजी अडचण हाय. जवळा आणि बोंबील घेतलेत, पण वाळूत कुत्रे उपाशीपोटी नाचतात. गच्ची मिळेल काय?”

“कुत्रे?” आतून मरियम म्हणाली. “तुज्या वाळवणात कुत्रे कधी आले?”

“औंदा आलेत मेले.” बकुळानं तिच्याकडे न बघता सांगितलं. “आणि ज्याची जागा त्याचा वाटा, ही किनाऱ्यावरची रीतच हाय. ता मी नवीन काय सांगत नाय.”

रीत खरी होती. ज्याच्या जागेत मासळी वाळते, त्याच्या घरी प्रत्येक वाळवणातला ओंजळ-ओंजळ वाटा राहतो. त्याला कुणी दान म्हणत नाही आणि त्याची परतफेडही नसते. हमीदची आई दुसऱ्यांना वाळू देऊन असाच वाटा घ्यायची. तो थोडा वेळ इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडत राहिला.

“टाकीला आता झाकण हाय,” तो म्हणाला. “वाळवा.”

बकुळानं चांगला माल गच्चीवर नेला, उरलेला वाळूतच ठेवला. बोंबील दोरीवर, जवळा जाळ्यावर. संध्याकाळी मरियमच्याच सुपात वाटा ओतून ती खाली यायची, भांड्याचा प्रश्नच नको. आठवड्यात हौशी पुन्हा मरियमच्या पायरीवर बसू लागली. बकुळानं ते पाहिलं आणि त्या रात्री ती पोटभर जेवली. ताट-टोप मात्र आले नाहीत, आणि तिनं विषय काढला नाही.

मग बंदरावर वादळाचा बावटा लागला. खंडू होडी घेऊन आंजर्ल्याच्या खाडीत गेला. आभाळ मोकळं होतं म्हणून बकुळा दापोलीला सुकट विकायला गेली. नोव्हेंबरात पाऊस कुणाच्या मनात असणार? ती बाजारात बसली असतानाच तो आला, आणि असा आला की समोरचं दुकान दिसेना. घरातलं खाणं म्हणजे ते वाळवण होतं. होड्या बंद राहिल्या तर महिनाभर तेच पुरवायचं होतं. तिनं टोपली तशीच उचलली आणि मिळाली ती वडाप जीप धरली.

वाळूतला जवळा गेला होता, त्याचा नुसता चिखल झाला होता. ती तशीच भिजलेली मरियमच्या दाराशी धावली आणि उंबऱ्यावर थबकली.

कुवेतहून आणलेल्या लाल गालिच्यावर जवळा पसरला होता. सोफ्याच्या पाठीवर बोंबील ओळीनं घातले होते. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता, आणि त्याखाली हमीद ओल्या लुंगीवर बसून एकेक बोंबील हातानं उलटत होता. सगळ्या घराला असा वास सुटला होता की टाकीचं झाकण काय कामाचं. मधोमध बकुळाचं ताट आणि टोप, दोन्ही जवळ्यानं भरलेले.

“गच्चीवरचा सगळा उचलला,” मरियम म्हणाली. “ह्यांनी दोन जिने किती वेळा केले कुणास ठाऊक.” मग तिची नजर ताटाकडे गेली. “तुजी भांडी ऱ्हायली माज्याकडं. घालायला काय नव्हतं बाय. म्हणून नाय दिली.”

“ऱ्हाऊ देत गो,” बकुळा घाईनं म्हणाली. “मी मागितली काय?”

“नाय मागितलीस. मी तरी माजा वाडगा कुठं मागितला?”

“कुठला वाडगा?”

“निळ्या काठाचा. निसर्ग वादळात तुजं छप्पर उडालं, तेव्हा डाळभात धाडला होता त्यात.”

बकुळाला ते दिवस आठवले. छपराचे पत्रे माडावर लटकलेले, होडीची फळी फुटलेली, आणि गडग्यावरून आलेला तो वाडगा. तो घासून तिनं फळीवर ठेवला होता, घालायला काही मिळेपर्यंत. मग काही मिळालं तेव्हा वाडगा विसरला. मग त्यात आमसुलं गेली. रोज त्यात हात घालत होती, आणि तो आपला नाही हे तिला, सगळ्या गावाचं ठाऊक असलेल्या बाईला, ठाऊक नव्हतं.

“तवा आमच्याकडं काय नाय, ह्या तुला कुणी सांगितलं?” तिनं विचारलं. “मी तर कुणाकडं बोलले नव्हते.”

“तुज्या मांजरीनं,” मरियम म्हणाली. “तेव्हा ती रातदिस आमच्याकडंच ऱ्हायला आली होती.”

बकुळा हसली आणि हसता हसता तिला रडू आलं, ते तिनं ओल्या पदरानं पुसलं. हमीद मान वर न करता म्हणाला, “वयनी, आधी बोंबील उलटायला हात लावा.” मग तिघं पंख्याखाली बसून बोंबील उलटत राहिले. हौशी गालिच्याच्या कडेला बसली होती आणि तिला कुणी हाकललं नाही.

काळोख पडायच्या आधी मरियमनं ताट तिच्या हातात दिलं. गच्चीवरच्या वाट्यातला जवळा त्यात शिगोशीग होता. बकुळानं नको म्हटलं नाही. टोप राहिला तो राहिला.

खंडू घरी आला तेव्हा ताट चुलीशी होतं.

“आलं वाटतं,” तो म्हणाला. “मंग? का येत नव्हतं, कळलं?”

“कळलं.”

तो पुढचं ऐकायला थांबला, कारण बकुळाला काही कळलं की ते सांगून संपायला जेवण होईपर्यंतचा वेळ लागायचा. आज मात्र फळीवरचा वाडगा तिनं काढला, त्यातली आमसुलं डब्यात ओतली, आणि वाडगा घासायला घेतला.