चांद्याहून आलेला ताप

घरात कुणी तापाने फणफणले, की डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देतो तो घरातला कर्ता पुरुष. मग ताप कुणाला का असेना! पिंपळे गुरवच्या यशवंतरावांकडे तेच चालले होते. त्यांचा धाकटा भाऊ कोंडाजी आठ दिवस अंथरुणाला खिळला होता. दिवसाआड अशी हुडहुडी भरे, की चार गोधड्या पुरत नसत. आज तर तो बायकोलाही ओळखेना.

"हिवताप वाटतो," चिंचवडहून आलेले डॉक्टर म्हणाले.

यशवंतराव गावचे सरपंच. त्यांना ते झोंबलेच. "हिवताप? आन् माज्या घरात? भिंतीवर डीडीटी मारल्याची तारीख बघा! दोन वर्सांत गावात एक रोगी न्हाई. टायफाइड आसंल."

"हे इतक्यात परगावी गेले होते का?"

"न्हाई. हितंच हाय."

सरपंच चक्क खोटे बोलले. हिवताप हटवणाऱ्या गावाचे सरपंच म्हणून पुढल्या आठवड्यात त्यांचा सत्कार होता ना!

दाराआड कोंडाजीची बायको छबूबाई उभी होती. थोरल्या दिरासमोर तिने आजवर तोंड उघडले नव्हते. पण डॉक्टर टायफाइडचे औषध लिहू लागले, आणि तिला राहवेना.

"डाक्टर, ते पार चांद्याच्या रानात गेलं हुतं, सागाच्या कामाला. म्हैनाभर. येऊन तीन आठवडं झालं!"

"छबू!" यशवंतराव कडाडले.

"रागं भरा, दादा. पर मानूस जातोय माजा!"

डॉक्टरांनी लगेच कोंडाजीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला आणि हिवतापावरचे कोयनेलचे इंजेक्शन दिले. मग ते वळले.

"सरपंच, फवाऱ्याने तुमच्या घरातले डास मेले. हा ताप यांनी रानातल्या डासांकडून अंगात आणलाय, त्याला तुमची भिंत काय करणार? हा ताप मेंदूत चढतो. उद्या मला हात टेकावे लागले असते. आणि दडवलात, तर इथले उरलेसुरले डास यांना चावून गावातल्या लेकरांना तो देतील!"

यशवंतराव भावाच्या उशाशी जाऊन बसले.

पुण्याहून रक्ताचा अहवाल आला. हिवतापच! पाचव्या दिवशी कोंडाजीने बायकोला हाक मारून भाकरी मागितली. त्याच दुपारी यशवंतराव दवाखान्यात गेले.

"रजिस्टरात लिवा, डाक्टर. पिंपळे गुरव, हिवतापाचा एक रोगी. सरपंचाचा सख्खा भाऊ."

"आणि सत्कार?"

"भावाला सरणावर घालून हार घालून घेऊ व्हय? आमची छबू बोलली म्हनून वाचलो."

वाचकहो, आज कामाधंद्यासाठी आपली माणसे दूरदूर जातात आणि परत येतात. ताप आला, तर माणूस कुठून आला हे डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरातली बाई सांगत असेल, तर तिला सांगू द्या!