सगळ्यात खालचा सूर

“वन्सं, दाबा. आणि दाबूनच ठेवा.”

“दाबलंय गं वहिनी. वाजत काही नाही, नुसतं फुसफुसतंय.”

नणंद सभागृहात पाइप ऑर्गनच्या बाकावर बसून सगळ्यात डावी पट्टी पायाने दाबत होती. वहिनी मागच्या कोंदट खोलीत, दोन मजली उंच लाकडी नळ्याला बिलगून शिडीवर उभी होती. ओल्या तळहाताने ती लाकूड इंच इंच चाचपत होती. वारा कुठून तरी निसटत होता.

सतरा वर्षं ती या ऑर्गनचे सूर लावत होती. बाकीचे नळे कधीच वळणावर आले होते. हा एकच दाद देत नव्हता. सभागृहाचे व्यवस्थापक दरवर्षी म्हणायचे, “राहू द्या हो, इतका खालचा सूर ऐकतंय कोण?” आता त्या जागी लिफ्ट यायची होती. सुतार उद्याच नळा उतरवणार होते. म्हणून आज तिने नणंदेला घरातून जवळजवळ ओढतच आणलं होतं.

एकदम तळहात गार पडला. जोडाच्या कडेला केसाएवढी चीर होती.

“सापडली!”

“काय, पाल?” नणंदेने धसकून पाय वर घेतला.

वहिनीने चिरेवर चामड्याची पट्टी गरम सरसाने चिकटवली आणि हात भरून येईपर्यंत दाबून धरली. तासाभराने ती म्हणाली, “दाबा आता.”

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग शिडी थरथरली आणि बघता बघता अख्खी खोली घुमू लागली. वहिनी हसत सुटली. शिडी कशी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही.

खिडक्यांची तावदानं वाजायला लागली तसे व्यवस्थापक फाईल घेऊन धावत आले.

“भूकंप आहे की काय?”

“भूकंप नाही, मी आहे,” नणंद बाकावरूनच म्हणाली.

वहिनीने तिला बाजूला सरकवलं आणि त्या सुरावर वरचे सूर चढवत गेली. हिशेबनीस आला, झाडूवाल्या बाई आल्या, कुणीच परत जाईना. व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसून राहिले.

“काय आवाज आहे हो,” शेवटी ते म्हणाले. “पण लिफ्टची ऑर्डर गेलीय. लोकांना जिने चढवत नाहीत.”

ते खोटं नव्हतं. नणंदच सकाळी तीनदा दम खात वर आली होती.

दुसऱ्या दिवशी सुतारांनी नळा दोरांनी बांधून अलगद आडवा केला. त्यांच्या यादीत लिहिलं होतं, ‘निकामी लाकूड, एक नग’. वहिनीने पेन मागून घेतलं, पहिला शब्द खोडला आणि वर नीट अक्षरात लिहिलं, ‘वाजतं’.