सेजलची कोर

"कोर कमी पडली म्हणून हरले," असं सेजलने फोनवर सांगितलं, आणि माझ्या वहिनीच्या, मंजुळाच्या, घशाखाली घास उतरेना. तिला वाटलं, पोरीला तिकडे भाकरीची कोरसुद्धा पुरेशी देत नाहीत.

सेजल माझी भाची, कापडे गावची. सीमेवरच्या दलात भरती झाली आणि तिथल्या साहेबांनी तिच्या पायांना लांब पट्ट्या बांधून, हातात दोन काठ्या देऊन, बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवली. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला.

सुट्टीवर आली तेव्हा तिने आईची समजूत घातली. बरगड्यांपासून कमरेपर्यंत हात फिरवत म्हणाली, "कोर म्हंजे हे गो. पोट, पाठ, कंबर. काठी नुसत्या हातानं नाय ढकलत, इथनं ढकलतात. हे थकलं की हात कितीपण मारा, जोर खाली पोचतच नाय."

"मग जेव ना नीट," मंजुळा म्हणाली.

मला मात्र तिने पुढचं सांगितलं. प्रत्येक शर्यतीत शेवटच्या चढाला तिची कंबर मोडत होती आणि ती तिथेच शर्यत सोडत होती. आता संघाची निवड होती. "आत्या, उद्या प्रतापगड फाट्यापर्यंत घाट चढून बघते. मधेच मोडले तर सायबांना फोन करून सांगते, माझं नाव काढा. सगळ्यांसमोर मोडण्यापेक्षा बरं."

सकाळी ती आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली. पट्ट्यांना पुढे-मागे चाकं, बर्फाऐवजी डांबर. मागे स्कूटरवर मी. पोलादपुरातलं माझं शिलाईचं दुकान त्या दिवशी बंद होतं, आणि तिच्या आईला हे बघवलं नसतं.

एका टेम्पोवाल्याने वेग कमी केला. "ताई, बर्फ म्हाबळेश्वरला पण नाय पडत हां."

"पडेपर्यंत पोचते," सेजल म्हणाली.

आणि निघाली. जन्मभर मी लोकांच्या पाठी मापल्या, पण अशी पाठ पाहिली नव्हती. चवड्यांवर उंच व्हायची, दोन्ही काठ्या एकदम रोवायची, आख्खं अंग त्यांच्यावर टाकायची. पोटाशी घडी पडायची आणि त्या घडीतून ती पुढे सुटायची. हात नुसते निरोप्ये, हुकूम मधूनच सुटत होता. स्कूटर दमली, ती नाही. आमच्या घरात हे कुणाला खरं वाटणार नाही.

वरचा प्रतापगड फाटा जवळ आला आणि पाठ बिघडली. घडी अर्ध्यावरच राहू लागली. हात तेवढ्याच जोराने चालले होते, चाकं मात्र जेमतेम सरकत होती. मग ती काठ्यांवर ओणवी झाली. मी धावत गेले.

"हात लाव," ती म्हणाली.

तिच्या पोटाला हात लावला. झाकणाखाली भात रटरटावा तसं आत सगळं आपोआप थरथरत होतं. ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

"मोडले."

मी फोन पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि काठ्या उचलल्या.

पुढचं काही देखणं नव्हतं. घडी नाही, उंची नाही. एक पाय, एक काठी, दुसरा पाय, दुसरी काठी, म्हातारीने जिना चढावा तशी. कधी जागच्या जागीच. पोट तर संपलं होतं, मग ती कशावर चढत होती, हे मला अजून सांगता येत नाही. तिच्या मागे फटफट करत जायची मला लाज वाटली. इंजिन बंद केलं आणि स्कूटर ढकलत चालले.

फाट्यावर ती रस्त्याकडेला आडवी झाली. टपरीवाली बाई डोकावली. "बरं नाय वाटत का हिला?"

"बरं वाटतंय," सेजल पडल्या पडल्या म्हणाली.

"मग फोन?" मी विचारलं.

"आत्या, आजपर्यंत मोडले की मी सोडायची. त्याच्या पुढं काय असतं, म्हाईतच नव्हतं."

"काय असतं?"

"लय हळू असतं." तिने श्वास घेतला. "पण असतं."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि दोन चहा सांगितले. उठून बसायला तिला माझा खांदा लागला. कपही मलाच धरावा लागला.