बाबुरावाची उडी

डिचोलीत बाबुरावाची उडी कुणाला ठाऊक नाही? खाणीच्या उतारावर त्याचा खनिजाचा ट्रक कलंडला आणि पठ्ठ्याने दार उघडून बाहेर उडी ठोकली, अंगावर ओरखडासुद्धा नाही! खाणी बंद पडल्या, ट्रक गंजले, पण उडी काही जुनी झाली नाही. चहाच्या गाड्यावर कुणी नुसतं 'बाबुराव, त्या दिवशी...' म्हटलं की गडी सुरू. दर वर्षी उतार थोडा वाढायचा.

भाचा तुषार पेडण्यातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला, तेव्हा मामाने कानमंत्र दिला. "पट्टोबिट्टो बांधून बसू नको. गाडी पडूक लागली की सरळ उडी मार." सीटबेल्ट अडकवल्याशिवाय यंत्र सुरूच होत नव्हतं, तर तो पाठीमागून अडकवून वर बसायची युक्तीही मामाचीच.

गेल्या आठवड्यात उंच उचललेला बोजा घेऊन तुषारने वळण घेतलं आणि फोर्कलिफ्ट कलंडली. त्याने उडी मारली. चालकाच्या डोक्यावर असतो तो लोखंडी पिंजरा नेमका त्याच्या पायावर आला.

गुडघ्याखाली पाय राहिला नाही. इस्पितळात खाटेपाशी तुषारची आई तारा बसली होती. भाऊ आला तसा तिने थर्मासमधला चहा आधी त्यालाच ओतून दिला. गोदामाच्या सुरक्षा अधिकारी क्षमाबाईही भेटायला आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पिंजऱ्याला काही झालेलं नाही हो. बेल्ट लावून आतच घट्ट धरून बसला असता, तर..."

बाबुरावाने चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं, पण छे! उलट तुषारच ओशाळून त्याच्याकडे बघत होता.

"मामानू, माझीच चूक," तो म्हणाला. "तुमच्यासारखी लांब उडी माका जमली नाय."

बाबुरावाची मान खाली गेली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट सांगताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती.

"मी उडी मारूकच नाय रे," तो म्हणाला. "दार आपसूक उघडलां आणि मी भायर पडलंय. ट्रक दुसऱ्या बाजूक गेलो म्हणून वाचलंय. बाकी सगळा मीच रचलेला."

क्षमाबाईंनी नजर खिडकीकडे वळवली. तारा मात्र उठली आणि तिने भावाच्या हातातला कप काढून घेतला. चहा अजून अर्धा होता.